दक्षिण जर्मनीतल्या खेड्यांमधले ज्यू : गावं, गुरं, दगड आणि दप्तरं

वेशीबाहेर
जर्मनीतले ज्यू म्हटलं की बर्लिन, फ्रांकफुर्ट, पेढ्या, डॉक्टर, प्राध्यापक हेच डोळ्यांपुढे येतं. पण १८५० च्या आसपासपर्यंत बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग आणि बाडेनमधले बहुतेक ज्यू खेड्यांत आणि बाजारगावांत राहत होते. गुरांचा, धान्याचा, कापडाचा व्यापार करायचे. जर्मनमध्ये या सगळ्या जगाला 'लांडयुडेनटुम' असा शब्द आहे. मराठीत यावर सलग काही सापडत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात हकालपट्टीपासून करावी लागते. आउग्सबुर्गने १४३८ मध्ये निर्णय घेतला आणि १४४० पर्यंत ज्यूंना बाहेर काढलं. न्यूर्नबर्ग १४९८–९९, उल्म १४९९, रेगेन्सबुर्ग १५१९. व्युर्टेम्बर्गने १४९८ च्या राज्यनियमांत ज्यूंना थारा द्यायचा नाही असं लिहूनच ठेवलं. शहरं बंद, मोठी राज्यं बंद. मग उरलं काय? नकाशावरच्या ठिगळांसारखी छोटी छोटी जहागिरी. कुठे थेट सम्राटाला मानणारा आणि दोन-तीन गावं बाळगणारा सरदार, कुठे मठ, कुठे बिशप, कुठे ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं बुर्गाऊ परगण्याचं एखादं गाव. आउग्सबुर्गच्या अगदी वेशीला लागून असलेली फेरझे आणि क्रीग्सहाबर ही गावं बुर्गाऊत मोडत. ज्यू तिथे राहायचे, दिवसा शहरात जाऊन व्यवहार करायचे आणि रात्री परत यायचे.

म्हणजे या वस्त्या 'मागे राहिलेल्या' नाहीत, त्या वसवलेल्या आहेत. सरदाराला रोख पैसा हवा होता. याच मुद्द्यावरून पुढे बोलू.

सातबारा
मुख्य कागद म्हणजे 'शुट्सब्रीफ', संरक्षणपत्र. गावाच्या मालकाने दिलेला करारच तो. किती कुटुंबं राहतील, वर्षाला प्रत्येकी किती संरक्षणकर, घर बांधायला जागा कुठे, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) आणि दफनभूमीची परवानगी, गावच्या कुरणावर हक्क आहे की नाही, कोणता धंदा करायचा नाही, सगळं कलमवार लिहिलेलं असे.

दोन उदाहरणं एकाच घराण्याची आहेत. लीबेनश्टाइन सरदारांनी १७७७ मध्ये ग्योपिंगनजवळच्या येबेनहाउझनला आणि १७८७ मध्ये लाउटर नदीकाठच्या बुटेनहाउझनला ज्यू वसवले. बुटेनहाउझनच्या पत्रात २५ कुटुंबांची मर्यादा होती. शंभर वर्षांच्या आत, १८७० च्या सुमारास, त्या गावात ज्यूंची संख्या ख्रिस्ती रहिवाशांपेक्षा जास्त झाली. ऱ्हाइनकाठच्या गाइलिंगनमध्ये १८५८ साली ९९६ ज्यू होते, म्हणजे निम्मं गाव. १८७० ते १८८४ तिथला महापौरही ज्यू होता, लिओपोल्ड गुगेनहाइम.

हे संरक्षण कायमचं नसायचं. सरदार मेला की वारसाकडून पत्राचं नूतनीकरण, त्याचे पैसे वेगळे. लग्न झालं की नव्या जोडप्याला वेगळं पत्र. धाकट्या मुलाला पत्र मिळालं नाही तर तो गाव सोडायचा किंवा लग्नावाचून राहायचा.

ओढाळ
धाकट्या मुलाचा मुद्दा पुढे बव्हेरियाने कायद्यातच घातला, तोही इथे आला पाहिजे. अमेरिकेच्या स्थलांतराचं मूळ तिथे आहे.

सातबारा
बरोबर. १० जून १८१३ चा बव्हेरियाचा ज्यूविषयक हुकूम. फ्रांकोनिया आणि श्वाबेन या प्रदेशांतली शेकडो ज्यू गावं तोवर बव्हेरियात आली होती. या हुकुमाने प्रत्येक गावातली ज्यू कुटुंबांची नोंदवही केली, 'माट्रिकेल'. प्रत्येक कुटुंबप्रमुखाला क्रमांक. कलम १२ चा अर्थ सरळ होता : गावातली ज्यू कुटुंबं वाढता कामा नयेत, जमल्यास घटावीत. क्रमांक रिकामा झाला तरच दुसऱ्याला लग्न करून संसार मांडता येईल, आणि तो बहुधा थोरल्या मुलाकडे जायचा. कलम १३ मध्ये सवलत होती, पण ती कारखाना काढणाऱ्याला, परवानाधारक कारागिराला किंवा स्वतःची शेती कसणाऱ्याला. फेरीवाल्याच्या चौथ्या मुलाला यातलं काय जमणार?

ही नोंदवही १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द झाली. मधल्या ४८ वर्षांत कोण गेले ते पाहा. व्युर्ट्सबुर्गजवळच्या रिम्पारच्या गुरांच्या व्यापाऱ्याचा मुलगा १८४४ मध्ये अलाबामाला गेला, त्याच्या मागोमाग भाऊ गेले, आणि त्यांच्या दुकानातून लेहमन ब्रदर्स ही बँक उभी राहिली. बुटेनहाइमच्या फेरीवाल्याचा मुलगा, जन्म १८२९, वडील वारल्यावर १८४७ मध्ये आई आणि बहिणींबरोबर गेला. तो जीन्सवाला लेव्ही स्ट्रॉस.

बाडेनमध्ये हेच बंधन सैल होतं. १८०९ चा हुकूम, संपूर्ण समान हक्क १८६२. व्युर्टेम्बर्गमध्ये १८२८ चा कायदा, समान हक्क १८६४.

तांबडी_माती
याच तीन सालांवर आडनावं बसलेली आहेत. बाडेन १८०९, बव्हेरिया १८१३, व्युर्टेम्बर्ग १८२८. त्याआधी गावातला ज्यू 'अमक्याचा मुलगा तमका' असाच लिहिला जायचा. कायम आडनाव घ्यायची सक्ती झाली तेव्हा अनेकांनी मूळ गावाचं नाव घेतलं. आपल्या मराठी कानाला हे चटकन उमगतं : जर्मनमधला शेवटचा 'अर' म्हणजे आपला 'कर'. टानहाउझनहून आलेला तो टानहाउझर, ओपेनहाइमचा ओपेनहाइमर. कोकणातल्या बेने इस्रायलींनी पेणकर, रोहेकर, किहीमकर ही नावं नेमकी अशीच घेतली.

वंशावळ शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं. आडनावातलं गाव म्हणजे कुटुंब १८१३ मध्ये जिथे राहत होतं ते गाव नव्हे. गावात राहणाऱ्याला त्याच गावाच्या नावाने कोण ओळखणार? नाव असतं ते आधी सोडलेल्या गावाचं. इथेच बहुतेकांचा शोध चुकीच्या दप्तरात जातो.

ओढाळ
आता गुरं. 'ज्यू सावकार आणि गरीब शेतकरी' एवढ्यावर हा विषय उरकला जातो, ते मला पटत नाही. व्यवहार कसा चालायचा ते पाहू.

लहान शेतकऱ्याकडे गाय घ्यायला रोकड नसे. व्यापारी स्वतःच्या पैशाने गाय घेऊन त्याच्या गोठ्यात बांधायचा. जर्मनमध्ये 'फीफरश्टेलुंग', आपल्याकडे सरळ 'अर्धलीने दिलेली गाय'. चारा शेतकऱ्याचा; दूध, शेण आणि नांगराचं कामही शेतकऱ्याचं. वासरू आणि वाढलेली किंमत दोघांत. विकताना आधी व्यापाऱ्याची मूळ रक्कम बाजूला काढायची, उरलेलं निम्मं निम्मं. म्हणून बांधतानाच किंमत किती धरली यावर सगळा खेळ. ती फुगवून धरली की शेतकऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. दुसरं भांडण गाय मेली तर. नुकसान कोणाचं हे आधी ठरलेलं नसेल तर प्रकरण कचेरीत जायचं, म्हणूनच बऱ्याच जहागिरींत असे व्यवहार अधिकाऱ्यासमोर नोंदवायची सक्ती होती.

शेतकरी बुडाला की पहिली जायची ती हीच गाय, आणि राग निघायचा तो गाय नेणाऱ्यावर. १८८० च्या दशकातला 'खेड्यातली सावकारी' हा आरडाओरडा इथूनच तापला आणि पुढे ज्यूद्वेषाच्या राजकारणाने तो वापरला. पण त्याच व्यापाऱ्यामुळे दोन एकरवाल्याच्या गोठ्यात जनावर उभं राहत होतं आणि लंगडी गाय बदलून मिळत होती, हे सोडून चालणार नाही. सहकारी पतपेढ्या गावोगाव पोचेपर्यंत दुसरी सोयच नव्हती.

चुलीपाशी
सौदा हातावर हात मारून व्हायचा ना? मग नंतर जनावर आजारी निघालं तर?

ओढाळ
हो, हातावर हात बसला की सौदा पक्का. आजाराबाबत मात्र नियम लेखी होता. जर्मन साम्राज्याच्या मार्च १८९९ च्या आदेशात मुख्य दोषांची यादी आहे. घोड्याला ग्लँडर्स (एक संसर्गजन्य रोग), मेंदूचा मंदपणा, दमा, श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज, पुन्हा पुन्हा डोळे येणं आणि हवा गिळायची खोड; मुदत १४ दिवस. गाईबैलाला क्षय असेल तर १४ दिवस आणि फुफ्फुसाचा साथीचा रोग असेल तर २८. दोष मुदतीत दिसला तर तो जनावर हाती आलं तेव्हापासूनच होता असं धरायचं, आणि सौदा मोडता यायचा. मुदत संपल्यावर दिसला तर तो घेणाऱ्याच्या गळ्यात. यादीत नसलेल्या दोषासाठी, म्हणजे लाथाड गाय किंवा कमी दूध, व्यापाऱ्याने वेगळी हमी दिली असेल तरच दाद. म्हणून जाणता शेतकरी सौद्याच्या वेळीच चार माणसांदेखत 'दूध किती' हे वदवून घ्यायचा.

भाषेचंही सांगतो. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तिथे हिब्रू आकडे होते : ओलेफ, बेस, गिमेल, डोलेत. घोडा 'सूस', भाकरी 'लेखेम'. फ्रांकोनियातल्या शोप्फलोखमध्ये हे इतकं मुरलं की ख्रिस्ती गावकरीही ते शब्द वापरू लागले. तिथल्या बोलीचं नावच 'लाखोउदिश', मूळ 'लाशोन हाकोदेश', पवित्र भाषा.

चुलीपाशी
घराच्या आतलं मी लिहिते.

बाप रविवारी सकाळी पोतं पाठीवर घेऊन निघायचा आणि शुक्रवारी दुपारी परत. मधले दिवस बरोबरची भाकरी, अंडी आणि स्वतःच्या भांड्यात शिजवलेलं. शुक्रवारची भाकरी म्हणजे 'बेरखेस'. पूर्व युरोपातल्या अंडी आणि साखर घातलेल्या शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, पावापेक्षा ही वेगळी. यात अंडं नाही, साखर नाही, दूध तर नाहीच, कारण ती मांसाबरोबर खायची आणि दूध-मांस एकत्र धर्माला चालत नाही. असतो तो बटाटा. १ किलो मैदा, सालीसकट उकडलेला २५० ते ३०० ग्रॅम पिठूळ बटाटा, २० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम ताजं यीस्ट, दोन चमचे तेल आणि साधारण ४०० मिली कोमट पाणी. बटाटा गरम असतानाच चाळणीतून काढायचा, नाहीतर गुठळ्या राहतात. पण पिठात घालायचा तो गार करून. गरम घातला तर यीस्ट मरतं आणि पाव विटेसारखा बसतो. पाणी एकदम ओतायचं नाही. बटाट्यात किती ओल आहे त्यावर १०० मिलीचा फरक सहज पडतो. दोन लांबट पाव वळायचे, प्रत्येकावर एक बारीक वेणी पाण्याने चिकटवायची, वर खसखस, २०० अंशांवर ४० मिनिटं. बटाट्यामुळे पाव शनिवारी संध्याकाळीही मऊ राहतो. शब्बाथला चूल पेटवायची नसते, म्हणून हेच महत्त्वाचं. त्या भागातले काही ख्रिस्ती बेकरीवाले अजूनही याच नावाने तो भाजतात.

दुसरी गोष्ट तळघरातली, मिक्वे. विधिस्नानाच्या कुंडात निदान ४० सेआ (जुनं हिब्रू माप) 'जिवंत' पाणी लागतं, झऱ्याचं किंवा पावसाचं. लिटरमध्ये ते किती याची मोजमापं वेगवेगळी आहेत, पण काहीशे लिटर तरी होतंच. बादलीने भरलेलं कुंड चालत नाही. म्हणून तळघर भूजलाच्या पातळीपर्यंत खणायचं आणि दगडी पायऱ्या पाण्यात उतरवायच्या. पाणी बर्फासारखं, ओल, अंधार, निसरड्या पायऱ्या. ४० सेआ नैसर्गिक पाणी जमलं की वरून गरम पाणी ओतायला धर्मशास्त्राची हरकत नसे, पण तेवढं पाणी तापवणार कोण? १८२० च्या दशकात सरकारी डॉक्टरांनी आरोग्याच्या कारणाने अशी तळघरातली कुंडं बंद करायला लावली आणि गावाला सामाईक, पाणी तापवायची सोय असलेलं स्नानगृह बांधावं लागलं. बुजवलेली कुंडं आजही घरदुरुस्तीत वर येतात. तळघराची फरशी एका कोपऱ्यात खचत असेल आणि तिथे नेहमी ओल असेल, तर खाली काय आहे ते पाहून मगच काँक्रीट ओतावं.

तिसरी, माळ्यावरची. सुक्कोथ या शरदातल्या सणाचा मांडव उघड्या आकाशाखाली लागतो, वर डहाळ्या. दाट गावात अंगण नसे, तेव्हा छपरातच झडप केलेली असे. कौलांच्या ओळीत मध्येच लाकडी चौकट आणि दोरीने उचलायची फळी दिसली तर घर बहुधा ज्यू कुटुंबाचं. दुसरी खूण उजव्या दारचौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची तिरपी खाच. तिथे मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची डबी, असायची.

जुनी_दप्तरं
चुलीपाशी, तुमची माळ्यावरची झडप वाचली आणि फिशाख आठवलं. आउग्सबुर्गजवळच्या या गावातला एकोणिसाव्या शतकातला लाकडी सुक्का (सुक्कोथचा मांडव) आज जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. फळ्यांवर एकीकडे जेरुसलेम आणि दुसरीकडे बव्हेरियातलं गाव रंगवलेलं.

चित्रांवरून आणखी एक. पोलंडकडच्या ब्रोडीचा एलिएझर झुसमान हा चित्रकार १७३० च्या दशकात फ्रांकोनियात खेडोपाडी फिरून सिनेगॉग रंगवत होता. बेखहोफन, कोल्मबर्ग, ऊंटरलिम्पुर्ग, होर्ब आम माइन. होर्बचं १७३५ चं लाकडी छत पुढे गवताच्या कोठारात राहिलं म्हणून वाचलं, तेही आता त्याच म्युझियममध्ये आहे : फुलं, सिंह, कर्णे, हिब्रू प्रार्थना. ऊंटरलिम्पुर्गच्या फळ्या श्वेबिश हालमध्ये पाहता येतात. बेखहोफनचं संपूर्ण लाकडी सिनेगॉग १९३८ मध्ये जाळलं गेलं.

तांबडी_माती
दफनभूमीवर लिहितो, कारण प्रत्यक्ष जाणाऱ्याला याचा उपयोग होईल. एकेका दफनभूमीत आसपासच्या दहा-वीस गावांचे लोक असत. त्या गावाबाहेर, चढावर, पाणथळ किंवा पडीक जमिनीत. चांगली जमीन ज्यूंना कोण देणार? शनिवारी बंद, पुरुषांनी डोकं झाकायचं, किल्ली बहुधा नगरपालिकेत.

साल कसं काढायचं : हिब्रू अक्षरांची बेरीज करायची आणि १२४० मिळवायचे. थडग्याच्या दगडावर ताव, कुफ, त्सादी, हेथ असेल तर ४०० + १०० + ९० + ८ = ५९८. त्यात १२४० मिळवले की १८३८. हजारांचा आकडा दगडावर सोडून देतात, पूर्ण साल ५५९८. पण ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, त्यामुळे महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर १२३९ मिळवायचे. तेवेतचा महिना डिसेंबर-जानेवारीत येतो, तिथे तारीख पाहूनच ठरवायचं. निम्म्या चुका इथे होतात. उरलेल्या चुका झिजलेल्या वालुकाश्मामुळे. 'हे' या अक्षराचा डावा पाय वरून सुटा असतो. मधली फट बुजली की ते 'हेथ' दिसतं, म्हणजे ५ चे ८. 'दालेत' आणि 'रेश' यांचा कोपरा झिजला तर ४ चे २००.

शेवाळ खरवडू नका, तारेचा ब्रश नको, खडूही नको. वालुकाश्माचा पापुद्रा अक्षरासकट निघतो. दिवसा आरशाने ऊन तिरपं पाडा किंवा संध्याकाळी बाजूने टॉर्च धरा, अक्षरं उठून दिसतात. पसरलेले दोन हात म्हणजे कोहेन (पुरोहित वंशातला), सुरई म्हणजे लेवी (मंदिरसेवकांच्या वंशातला).

सातबारा
हेश्वान आणि किस्लेवचा मुद्दा फारच उपयोगी. दगड आणि दप्तर पडताळायला व्युर्टेम्बर्ग, बाडेन आणि होहेनत्सोलर्नच्या ज्यू समुदायांची जन्म-विवाह-मृत्यू पुस्तकं श्टुटगार्टच्या राज्य अभिलेखागारात 'जे ३८६' या संचात आहेत, आणि ती ऑनलाइन पाहता येतात. या पुस्तकांचं फिल्मवरचं चित्रीकरण नाझी वंशसंशोधन कचेरीने युद्धाच्या शेवटी करवून घेतलं होतं. बरीच मूळ पुस्तकं नाहीशी झाली आणि माणसं मारायच्या यंत्रणेने काढलेली फिल्म तेवढी उरली.

जुनी_दप्तरं
कागदांचा दुसरा साठा छपरात. देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, तो 'गेनिझा'त ठेवतात. पूर्वेकडे तो अनेकदा पुरतात, दक्षिण जर्मनीत सिनेगॉगच्या माळ्यावर वाशांच्या मधे टाकायचे. फाइट्सहोखहाइमचं १७३० चं सिनेगॉग पुढे अग्निशमन बंबांची शेड झालं. १९८६ मध्ये दुरुस्ती काढली तेव्हा माळ्यावर हे सापडलं. फाटकी प्रार्थनापुस्तकं, खिशातली पंचांगं, पत्रं, हिशेब, तेफिलीनचे (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या पेट्यांचे) चामडी पट्टे, छोट्या पुड्यांच्या आकाराची यिडिश (ज्यूंची बोलभाषा) गोष्टींची पुस्तकं. हिब्रू लिपीत आहे म्हणून हिशेबाचा चिटोराही टाकलेला नाही. फेरीवाल्याच्या घरात काय वाचलं जात होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

'विम्पेल'ही यात सापडतात. मुलाच्या सुंतेच्या वेळचं कापड चार पट्ट्यांत कापून लांबीला शिवायचं, साधारण तीन मीटर. त्यावर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि 'तोरा, विवाह आणि सत्कर्मांसाठी वाढो' हा आशीर्वाद भरतकामाने किंवा रंगाने. मूल तीनेक वर्षांचं झालं की पहिल्यांदा सिनेगॉगला नेताना ते तोराच्या, म्हणजे पवित्र ग्रंथाच्या, गुंडाळीभोवती बांधायला द्यायचं. जन्मनोंद हरवली असेल तर विम्पेलवरून तारीख मिळते.

वेशीबाहेर
शेवट कसा झाला, तेही सविस्तर यायला हवं.

हक्क मिळाल्यावर खेडी आपोआप रिकामी होऊ लागली होती. आइनश्टाइनचं घराणं पाहा : वडील १८४७ मध्ये फेडर सरोवराकाठच्या बुखाऊत जन्मले, आईकडचे आजोबा येबेनहाउझनचे, मुलाचा जन्म १८७९ मध्ये उल्मला. त्याच बुखाऊच्या सिनेगॉगला चर्चसारखी घंटा होती, जी दुसरीकडे क्वचितच आढळेल.

१९३३ नंतरही शेतकरी ज्यू व्यापाऱ्यांकडूनच गुरं घेत राहिले, नाझी पक्षाचे लोक त्यावर चिडून अहवाल लिहीत होते. मग जानेवारी १९३७ च्या गुरेव्यापार आदेशात 'विश्वासार्हता' ही अट आली आणि तिच्या आधारे परवाने काढून घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी देशभर सिनेगॉगांवर हल्ले केले, तेव्हा अनेक गावी सिनेगॉग जाळलं नाही, आतून फोडलं. शेजारी गवताची कोठारं होती, आग साऱ्या गावात पसरली असती. आज जी काही उभी आहेत त्यातली बरीच या एका कारणाने.

रेक्सिंगनच्या लोकांनी गट करून निघायचं ठरवलं आणि १३ एप्रिल १९३८ ला पॅलेस्टाइनमध्ये शावेई त्सिओन ही वसाहत उभारली. बहुतेकांना तशी वाट मिळाली नाही. २२ ऑक्टोबर १९४० ला, सुक्कोथच्या सणात, बाडेन, फाल्त्स आणि सारमधल्या ६,५०० हून जास्त ज्यूंना फ्रान्समधल्या ग्युर्स छावणीत नेलं. ५० किलो सामान, १०० मार्क, आवरायला तासाभराचा वेळ, काही ठिकाणी त्याहून कमी. गाइलिंगन त्या दिवशी संपलं. किपेनहाइममध्ये त्या वेळी काढलेले फोटो आहेत. व्युर्टेम्बर्गच्या शहरांतले म्हातारे ज्यू आधी हाइगरलोख, बुटेनहाउझन, बुखाऊ, लाउपहाइम इथे कोंबले, आणि १ डिसेंबर १९४१ पासून श्टुटगार्टहून हद्दपारीच्या गाड्या सुटल्या. पहिली लाटव्हियातल्या रिगाला.

ओढाळ
पाहायला जायचं तर माझा कौल रोटेनबुर्गजवळच्या बाइझिंगनला. १७८४ चं सिनेगॉग, युद्धानंतर कोठार झालेलं, १९९८ पासून खुलं. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते नवंकोरं केलं नाही. छतावरचं निळं आकाश आणि तारे जपले, भिंतींवरचे १९३८ चे घाव आणि कोठाराच्या काळातल्या खुणाही तशाच ठेवल्या. इखेनहाउझनचं १७८१ चं सिनेगॉग मोठं आणि सुंदर आहे, तेही बरीच वर्षं बंबांची शेड होतं, १९८७ मध्ये नीट केलं. हाइगरलोखचं आधी सिनेमागृह झालं, मग दुकान, मग गोदाम. २००३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं, आता तिथे प्रदर्शन आहे. तिघांपैकी एकच जमणार असेल तर बाइझिंगन.

चुलीपाशी
बाइझिंगनची वेळ आधी विचारून जा, रोज उघडं नसतं. आणि तांबडी_माती, एक प्रश्न : दगडावर महिना वाचता येत नसेल आणि फक्त साल दिसत असेल तर?

तांबडी_माती
तर दोन्ही सालं लिहायची, १८३७/३८ अशी, आणि जे ३८६ मध्ये दोन्ही सालांची मृत्यू पुस्तकं पाहायची. नुसतं १८३८ लिहिलं की पुढचा माणूस तेच खरं धरून चालतो.